सडपातळ स्थूलता

हातपाय बारीक, वजन उंचीच्या मानाने योग्य, पण पोटात चरबी साठलेली आणि स्नायू कमी, अशा शरीरठेवणीला सडपातळ स्थूलता म्हणता येईल. मधुमेह आणि हृदयविकार भारतीयांना युरोपीय लोकांपेक्षा कमी वयात व कमी वजनावर गाठतात, त्यामागचे हे एक मोठे कारण मानले जाते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनामुळे ही बाब जगापुढे आली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःच्याच शरीरांची तुलना छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. पुण्याजवळच्या सहा गावांतील नवजात बाळांतही हेच दिसले. त्यांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. गावांतल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे या ठेवणीची सुरुवात आईच्या पोटातच होते. मधुमेह झाला की सारा दोष रुग्णाच्या खाण्यावर टाकणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

त्वचेखाली न मावलेली चरबी यकृतात आणि आतड्यांभोवती साठते. तिच्यातून सुटणाऱ्या मेदाम्लांमुळे यकृत आणि स्नायू रक्तातील साखर आवरणाऱ्या इन्सुलिन या संप्रेरकाला नीट दाद देत नाहीत. स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करून साखर काही काळ आवरते. त्याच काळात रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढते, एचडीएल हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल घटते, रक्तदाब चढू लागतो. त्यामुळे तपासणीत ‘शुगर नॉर्मल’ आली तरी रक्तवाहिन्यांचे नुकसान सुरू झालेले असू शकते.

म्हणून भारतीयांसाठी कंबरेचा घेर महत्त्वाचा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपासून धोका धरतात. बीएमआय २३ झाला की वजन जास्त समजतात.

जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायू उचलतात, त्यामुळे नुसते कमी खाऊन बारीक व्यक्तीचे भागत नाही. चालण्याच्या जोडीला वजने उचलणे, ताटात भात-पोळी कमी करून उसळ, डाळ, अंडी वाढवणे, पुरेशी झोप आणि तंबाखू सोडणे हे उपाय आहेत. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांच्या एका चाचणीचे निष्कर्ष चेन्नईतून २००६ साली प्रसिद्ध झाले. आहार-व्यायामातील बदलांनी तीन वर्षांत मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला होता, आणि तोही वजनात फारसा फरक न पडता.