रजिस्ट्रीला फेरफार नोंद नसते

रविवार कारंज्याजवळ दुकान असलेल्या मित्राचा फोन आला. दुकानातल्या संगणकाला येणारा-जाणारा पेनड्राइव्ह लावतो, ते बंद करायचं होतं. "भाचा म्हणतो, रजिस्ट्रीत एक आकडा बदल. बदलू का?" म्हटलं, थांब, मी येतो.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजचं दप्तर. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज वेगवेगळ्या फायलींत विखुरलेल्या असत. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री लहान रूपात आली आणि विंडोज ९५ पासून बहुतेक कारभार तिच्यात गेला. ती पाहण्यासाठी विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबून 'रेजएडिट' टाइप करायचं. डावीकडे फोल्डरसारख्या 'की' दिसतात, उजवीकडे त्यांतल्या नोंदी. 'करंट युजर' शाखेत फक्त तुमच्या खात्याच्या नोंदी असतात. 'लोकल मशीन'मधल्या अख्ख्या संगणकाच्या. नुसतं पाहिल्याने काहीच बिघडत नाही.

बदलताना मात्र जपायला हवं. सातबारावर नाव बदलायचं तर आधी फेरफार पडतो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात. इथे तसं काहीच नाही. 'सेव्ह'चं बटण नाही, 'अनडू' नाही. 'ओके' दाबलं की जुना आकडा गेला. म्हणून फेरफार आपणच ठेवायचा: ती की निवडून 'फाइल'मधून 'एक्सपोर्ट' करायची. शिवाय आधी एक रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजला मागच्या स्थितीत परत नेता येईल अशी खूण, करून ठेवावा, कारण संगणक सुरूच झाला नाही तर रेजएडिट उघडणार कुठून?

एक्सपोर्ट केलेल्या फायलीवर डबल-क्लिक केलं तर ती वाचायला उघडत नाही, रजिस्ट्रीत मिसळायला निघते. वाचायची तर नोटपॅडमध्ये उघडा. आणि ती परत मिसळली की जुने आकडे येतात, पण मध्यंतरी तुम्ही नवी घातलेली नोंद पुसली जात नाही. ती हातानेच काढावी लागते.

मित्राला हवी असलेली नोंद 'लोकल मशीन'मध्ये, 'सिस्टम', 'करंटकंट्रोलसेट', 'सर्व्हिसेस' आणि मग 'यूएसबीस्टोर' अशी खोल होती. तिथे 'स्टार्ट' समोर ३ होता, म्हणजे गरज पडेल तेव्हा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) सुरू कर. ४ म्हणजे बंद. शेजारच्या शेकडो सर्व्हिसेसमध्येही असाच 'स्टार्ट' असतो. हार्ड डिस्कच्या ड्रायव्हरला चुकून ४ दिला, तर विंडोज उठणारच नाही. त्यामुळे खिडकीच्या वरच्या पट्टीतला पूर्ण पत्ता मी दोनदा वाचला. आकड्याच्या चौकटीतही एक खाच आहे: ती आपणहून हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजणाऱ्या पद्धतीत, उघडते, तिथे १० लिहिलं तर संगणक १६ समजतो. ३ किंवा ४ लिहिताना फरक पडत नाही, पण मोठा आकडा लिहिताना आधी 'डेसिमल' निवडावं.

एक्सपोर्टच्या फायलीला तारखेचं नाव दिलं, ३ चा ४ केला. पेनड्राइव्ह लावला, काहीच उघडलं नाही. माउस आणि कीबोर्ड चालू राहिले, कारण त्यांचे ड्रायव्हर वेगळे. मोबाइलही वेगळ्याच ड्रायव्हरने जोडला जातो, त्याला ही नोंद अडवत नाही, हे मित्राला जाण्याआधी सांगितलं.