मारबत, हगवण आणि मिठासाखरेचं पाणी

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणारा पुतळा, निघते तेव्हा 'रोगराई घेऊन जा गे मारबत' असं आपण लहानपणापासून ओरडत आलो, पिवळी मारबत तर 1885 पासूनची आहे, आणि त्या काळची रोगराई म्हणजे पटकी, म्हणजेच कॉलरा, पण आलीच, सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत जायचा. त्याच्या एकच वर्ष आधी 1884 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख कलकत्त्यात होता, लोक ज्या तळ्यात आंघोळ करत आणि तेच पाणी पीत तिथे त्याला पटकीचे जंतू सापडले.

पण जंतू माणूस मारतो कसा हे कळायला 1959 उजाडलं. कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी दाखवलं की जंतूचं विष अंगातलं पाणी आतड्यात ओढून काढतं. म्हणजे माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यामुळे! मग पुढचा शोध मला सगळ्यात भारी वाटतो: आतड्यात साखर आणि मीठ एकत्र आत घेणारं एक दार असतं, त्यांच्या मागून पाणीही आत जातं, आणि हगवणीत बाकी सगळं बिघडलं तरी हे दार चालूच राहतं. नुसतं पाणी पिऊन भागत नाही ते यामुळेच.

1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा, ग्लुकोजचं पाणी ड्रमात भरलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. 30 टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू 4 टक्क्यांच्या खाली आले. आजची ओआरएसची पुडी त्याच कल्पनेवर चालते.

आणि तरी आजही पावसाळ्यात नालीजवळची पाइपलाइन फुटते, नळाला गढूळ पाणी येतं, लेकराला जुलाब लागतात आणि घरात कोणीतरी म्हणतंच, "पाणी नको देऊ वं, अजून होईन." माझ्या मावशीनं असंच केलं होतं, लेकराचे डोळे खोल गेले, ओठ वाळले, शेजारच्या आशाताईनं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून दिलं, चमचे चहाचेच, मीठ जास्त झालं तर उलट धोका. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून परत चमच्या-चमच्यानं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, जेवणही. सोबत झिंकच्या गोळ्या 14 दिवस, जुलाब थांबले तरी. संडासात रक्त, लेकरू सुस्त, लघवी बंद, असं दिसलं तर मात्र सरळ दवाखाना.

मावशीचं लेकरू संध्याकाळपर्यंत लघवीला गेलं तेव्हा आशाताई उठून घरी गेली.