नीलमची काच असलेला फोन खरंच फुटत नाही का?

सोन्यानं मढवलेला फोन, त्याला नीलमची काच, किंमत पाच-सात लाख, असली एखादी रील अधूनमधून येतेच. खाली आपल्या कोल्हापूरकरांच्या कमेंटी पण ठरलेल्या, एकजण लिहितो 'नाद खुळा' आणि दुसरा लिहितो एवढ्यात बुलेट येऊन वर पेट्रोलला पैसे उरले असते. परवा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरनंच पेटलं आणि एकानं ठामपणे सांगून टाकलं की नीलमची काच फुटतच नाही, म्हणून तर एवढी किंमत घेतात. ते वाचून मला गप्प बसवेना, कारण काच का फुटते हा माझा लई आवडीचा विषय आहे आणि बहुतेकांना तो नेमका उलटा माहीत असतो.

आधी सोनं उरकून टाकू. हे फोन सोन्याचे नसतात, त्यांच्यावर सोन्याचं पाणी दिलेलं असतं, चांदीच्या दागिन्यावर देतात तेच. साधारण १५ बाय साडेसात सेंटीमीटरचा फोन धरला तर पाठ आणि कडा मिळून क्षेत्रफळ येतं १५० चौरस सेंटीमीटरच्या आसपास. त्यावर दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर चढवला तर सोन्याचं आकारमान ०.०३ घन सेंटीमीटर, आणि सोन्याची घनता १९.३, म्हणजे वजन भरतं जेमतेम ०.६ ग्रॅम. आजचा भाव गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, विचारा आणि गुणाकार करा, पाच लाख कुठं गेले ते तिथंच कळेल. शिवाय शुद्ध सोनं मऊ, म्हणून तर दागिन्यात तांबं-चांदी मिसळतात, त्यामुळं खिशातल्या नाण्यानं पण त्यावर ओरखडा उठतो. आणि धातूतनं रेडिओ लहरी जात नाहीत, त्यामुळं अँटेनाच्या जागा मोकळ्या सोडाव्याच लागतात, अख्खा फोन सोन्यात मढवला तर रेंजच मिळणार नाही.

आता काच. काचेतल्या अणूंचे एकमेकांशी असलेले बंध भयंकर मजबूत असतात, नुसत्या बंधांवरनं हिशोब केला तर काच प्रत्यक्षात तुटते त्याच्या कितीतरी पट जास्त ताण तिनं सोसायला पाहिजे. मग एवढ्या सहज का फुटते? १९२१ साली ए. ए. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं याचं उत्तर दिलं. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात, कापताना पडतात, पुसताना पडतात, नुसत्या हाताळण्यानं पण पडतात. काच वाकली की एका बाजूचा पृष्ठभाग ताणला जातो आणि तो सगळा ताण चिरेच्या टोकावर एकवटतो. तिथले बंध तुटतात, चीर पुढं सरकते, लांब झालेल्या चिरेच्या टोकावर ताण अजून वाढतो, आणि क्षणात चीर आरपार जाते.

यात एक मख्खी आहे. चीर उघडते ती फक्त ओढलं तर, दाबलं तर ती उलट मिटते. म्हणजे काचेचा पृष्ठभाग जर आपण कायमचाच दाबाखाली ठेवू शकलो, तर फोन पडल्यावर येणाऱ्या ताणाला आधी तो दाब संपवावा लागेल आणि मगच चिरेला हात लावता येईल. पण काचेला कायमचं दाबून ठेवणार कसं, चारी बाजूंनी शिकंजा तर लावता येत नाही.

यावरचा उपाय मला आधुनिक रसायनशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर युक्त्यांपैकी एक वाटतो. फोनच्या काचेत सिलिका आणि ॲल्युमिनाच्या (म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) जोडीला सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, असतात. तयार काच वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये, म्हणजे आपला सोरा, साधारण ४०० अंश सेल्सिअसला काही तास बुडवून ठेवतात. एवढ्या उष्णतेत सोडियमचे आयन सुटून बाहेर सोऱ्यात जातात आणि त्यांच्या रिकाम्या जागेत पोटॅशियमचे आयन येऊन बसतात. सोडियम आयनची त्रिज्या ०.१०२ नॅनोमीटर आणि पोटॅशियमची ०.१३८, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त मोठा गडी. एसटीच्या तिघांच्या सीटवरनं बारका माणूस उठला आणि त्याच जागेत गंगावेश तालमीतला पैलवान येऊन बसला तर बाकीच्या दोघांचं जे होईल तेच काचेतल्या शेजारी अणूंचं होतं. सगळा पृष्ठभाग आवळला जातो, आणि काच थंड झाल्यावर कुणालाच हलता येत नाही, तो दाब कायमचा राहतो. तापमान पण विचार करून ठरवलेलं असतं, कमी ठेवलं तर आयन हलायला फार वेळ लागतो आणि जास्त ठेवलं तर काचेची जाळी सैल होऊन मिळवलेला दाबच निघून जातो.

असा दाबाचा थर असतो फक्त ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, पण त्यातला दाब चांगल्या काचेत ७०० मेगापास्कलच्या घरात जातो, हवेच्या दाबाच्या साधारण ७ हजार पट! बाहेर एवढा दाब आहे म्हटल्यावर तोल राखायला आतल्या भागात ताण असतोच, आणि म्हणून रस्त्यावरच्या खडीचं एखादं टोक तो ५० मायक्रॉनचा थर भेदून आत पोचलं की खेळ संपला. उंचावरनं फरशीवर आडवा पडलेला फोन वाचतो आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरनं डांबरी रस्त्यावर पडलेला फुटतो, यात नशिबाचा काही भाग नाही, टोकदार खडा कुठं लागला एवढाच प्रश्न असतो. जुना खोल ओरखडा असलेली काच साध्या पडण्यानं फुटते त्याचं कारण पण हेच.

मग नीलमची काच काय करते? खरं तर ती काचच नव्हे. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा सलग स्फटिक आहे तो, म्हणजे कुरुंद. त्यात लोखंड आणि टायटॅनियमचे अंश आले की निळा नीलम, क्रोमियम आलं की लाल माणिक, काहीच नसलं तर पाण्यासारखा पारदर्शक. करायला भयंकर महाग, कारण शुद्ध ॲल्युमिना २,०५० अंशांच्या आसपास वितळवावा लागतो (आपल्याकडं उद्यमनगर-शिरोलीच्या फाउंड्रीत बिडाचा रस १,४०० अंशांच्या आसपास ओततात, यावरनं अंदाज करा), मग बीज-स्फटिक लावून तो कितीतरी दिवस हळूहळू थंड करत वाढवायचा आणि शेवटी हिऱ्याच्या तारेनं पातळ चकत्या कापायच्या. रंगीत खडा अंगठीत घातला की साडेसाती उतरते असं सांगून लोकांकडनं हजारो रुपये घेतले जातात, कर्ज काढून नीलम घेतलेली माणसं मी बघितलीत आणि फार वाईट वाटतं. शनी जवळात जवळ आला तरी १२० कोटी किलोमीटरवर असतो, आणि बोटातला खडा हे निव्वळ ॲल्युमिनियम ऑक्साइड आहे.

नीलमचा खरा गुण म्हणजे त्यावर ओरखडा उठत नाही. १८१२ साली फ्रेडरिक मोस यांनी खनिजांची कठीणपणाची पट्टी केली, कोण कुणाला ओरखडतं एवढ्यावर. त्यात हिरा १०, कुरुंद ९, क्वार्ट्झ ७, आणि फोनची काच सहाच्या आसपास. किल्लीचं लोखंड काचेपेक्षा थोडं मऊच, त्यामुळं किल्ल्यांनी फोन खराब होतो हा बराचसा गैरसमज आहे, खरा शत्रू म्हणजे खिशातली वाळू. फाउंड्रीत साच्याला वापरतात ती सिलिका सँड तर जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झ. तिथं काम करणाऱ्या कुणाचाही विनाकव्हरचा जुना फोन उन्हात तिरका धरून बघा, बारीक रेषांचं जाळं दिसेल. नीलमवर ही वाळू काही करू शकत नाही.

इथंच दुकानातलं '९एच' पण बघून घ्या. शे-दोनशेच्या टेम्पर्ड ग्लासवर ९एच लिहिलेलं असतं आणि हिऱ्याच्या खालोखाल म्हणून सांगतात. तो आकडा मोसच्या पट्टीचा नाहीच, तो पेन्सिलीचा आहे. एचबी, २एच अशा चढत्या कठीण पेन्सिली घासून बघतात, ९एच पेन्सिलीनं ओरखडा नाही उठला तर काच पास. पेन्सिलीत असतं ग्राफाइट आणि माती, तिला कुठलीही साधी काच पुरून उरते.

पण ओरखडा न उठणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. नीलमच्या स्फटिकात सोडियमच्या जागा नाहीत, त्यामुळं सोऱ्यात बुडवून दाबाचा थर देता येत नाही. वर तो काचेपेक्षा पाचपटीहून ताठ, म्हणजे तेवढंच वाकवलं तर त्यात पाचपट ताण तयार होणार, आणि कापताना कडेला एखादी बारीक चीर राहून गेली असेल तर तिथनं तो जातो. वजन दीडपटीहून जास्त. आणि उजेडाचं गणित तर कुणी सांगतच नाही. पृष्ठभागावरनं परत फिरणारा प्रकाश काढायचा असेल तर अपवर्तनांकातनं (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचा आकडा) एक वजा करा, त्याला अपवर्तनांक अधिक एकनं भागा आणि उत्तराचा वर्ग घ्या. काचेचा अपवर्तनांक १.५, उत्तर ४ टक्के. नीलमचा १.७७, उत्तर ७.७ टक्के. म्हणजे वर खास लेप दिला नाही तर मे महिन्यात भर दुपारी रंकाळ्यावर उभं राहून ती महागडी स्क्रीन साध्या काचेपेक्षा जास्त चकाकणार आणि कमी दिसणार. ॲपलनं पण २०१३ साली जीटी ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीज या कंपनीबरोबर नीलमचा मोठा करार केला होता, पण पुढच्या सप्टेंबरला आयफोन ६ आला तो आयन बदललेल्या काचेचाच, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये जीटीनं दिवाळखोरी जाहीर केली. घड्याळाला आणि कॅमेऱ्याच्या लेन्सवर मात्र नीलम बरोबर शोभतो, तुकडा लहान असतो आणि घासणं जास्त.

बाकी आतल्या गोष्टींचं थोडक्यात. चिपचा कारखाना उभा करायला हजारो कोटी लागतात, ते वसूल करायला एकच चिप कोट्यवधींच्या संख्येनं विकावी लागते, त्यामुळं कितीही श्रीमंत माणूस असला तरी त्याच्यापुरती वेगळी भारी चिप त्याला मिळत नाही. बॅटरी पण तीच लिथियम-आयन, पाचशे ते हजार वेळा पूर्ण चार्ज केली की तिचा दम कमी होणारच, वर सोनं असो नाहीतर प्लास्टिक. नोकियानं १९९८ साली काढलेल्या व्हर्टू या महागड्या फोनच्या कंपनीचं उदाहरण घ्या, बटणांखाली माणकाचे बेअरिंग बसवलेले हातानं जुळवलेले फोन. २०१३ चा त्यांचा टायटॅनियम आणि नीलमचा अँड्रॉइड फोन आठ हजार युरोच्या आसपास होता, पण त्यातली चिप त्या वेळच्या साध्या चांगल्या फोनपेक्षा पुढं नव्हती. २०१७ साली इंग्लंडमधलं त्यांचं काम बंद पडलं. नीलम अजून शंभर वर्षं तसाच राहील, पण त्या अँड्रॉइडवर आज बँकेचं ॲप चालायची आशा नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. दागिना म्हणून कुणाला घ्यायचा असेल तर खुशाल घ्यावा, पण फोन म्हणून ते पैसे वसूल होत नाहीत. तरी स्वस्तातला फोन आणि साठ-सत्तर हजारांचा फोन यात खरा फरक असतो हे पण मान्य करायला पाहिजे, आणि तो सगळ्यात जास्त कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये दिसतो. सेन्सर मोठा असला की त्याच वेळात जास्त प्रकाश गोळा होतो, आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात फोटोत किरकिरीत दाणे कमी येतात, तिथं मेगापिक्सेलचा मोठा आकडा कामाला येत नाही. दुकानात गेलात की सेन्सर केवढा हे विचारा, अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा (२०२३-२४ पासून गूगल आणि सॅमसंग त्यांच्या वरच्या फोनला ७ वर्षं द्यायला लागलेत), आणि तीन वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ आली तर ती कोल्हापुरातच बदलून मिळेल का, का फोन पुण्याला पाठवायला लागेल, हे घ्यायच्या आधीच पक्कं विचारून घ्या.