मांडवीच्या मचूळ पाण्यातून आतड्यापर्यंत : पटकीचा जिवाणू तग कसा धरतो

मे महिन्यात रायबंदरच्या मिठागरांजवळून वाहणारे मांडवीचे पाणी जवळजवळ समुद्राइतके खारट असते. मृगाचा पाऊस सुरू होऊन सह्याद्रीवरून लोंढे उतरू लागले, की त्याच ठिकाणचे पृष्ठभागाचे पाणी काही आठवड्यांत बरेचसे गोडे होते आणि पुढे दिवाळीनंतर पुन्हा हळूहळू खारावत जाते. खाजनांच्या, म्हणजे बांध घालून खाडीतून मिळवलेल्या सखल जमिनींच्या, मानशी (पाणी अडवणारी दारे) दर भरती-ओहोटीला उघडतात आणि मिटतात, तेव्हा आतल्या पाण्याचा खारेपणा, उष्णता आणि प्राणवायू हे सगळेच बदलते. अशा सतत बदलणाऱ्या पाण्यात टिकून राहणे ज्यांना जमले, त्या जिवाणूंमध्ये ‘विब्रिओ’ ही प्रजाती ठळक आहे. मांडवी आणि जुवारीच्या नदीमुखांचा अभ्यास दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत दीर्घकाळ होत आला आहे, कारण अशा पाण्यातील सूक्ष्मजीवांचा संबंध मासळीशी जितका आहे, तितकाच तो माणसाच्या आरोग्याशीही आहे.

या प्रजातीतील बहुतेक जाती माणसाला उपद्रव देत नाहीत. विब्रिओ कॉलेरी या जातीच्या काही वाणांमुळे मात्र पटकी (कॉलरा) होते. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने या रोगाचे वर्णन केले आहे : हाताला लागेनाशी झालेली नाडी, गार पडलेली कातडी, खोल गेलेले डोळे, पायांत येणारे पेटके. आजही डॉक्टर पटकीचा रुग्ण तपासताना नेमकी हीच लक्षणे पाहतात. मला या जिवाणूविषयी सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की माणसाला मारण्यासाठी म्हणून त्याच्याजवळ वेगळे असे फारसे काही नाही. नदीमुखात उपाशी राहणे, खारेपणाचे चढउतार सोसणे, कशाला तरी चिकटून राहणे यांसाठी त्याने जे कमावले, त्याचाच मोठा भाग त्याला आपल्या पोटात उपयोगी पडतो.

खारेपणाचेच पाहू. पाणी एकाएकी खारट झाले, की पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते आणि पेशी आक्रसते. हे टाळण्यासाठी विब्रिओ कॉलेरी एक्टोईन नावाचे छोटे रेणू पेशीत साठवतो. हे रेणू पाणी धरून ठेवतात आणि पेशीच्या कामकाजात अडथळाही आणत नाहीत. पाणी गोडे झाले की पेशी फुगून फुटण्याचा धोका असतो, म्हणून साठवलेले रेणू बाहेर सोडले जातात. उपासमारीला तोंड देण्याची तजवीज याहून व्यापक आहे. अन्न संपू लागले, की पेशीत विशिष्ट संदेशरेणू वाढतात, वाढ आणि विभाजन थांबते आणि ‘आरपीओएस’ या नियंत्रक प्रथिनाच्या हुकमाखाली शेकडो जनुकांचे काम बदलते. अशी उपाशी पेशी खाऊन-पिऊन वाढणाऱ्या पेशीपेक्षा उष्णता, आम्ल आणि क्षार अधिक चांगले सोसते. एका संकटाची तयारी अशा रीतीने दुसऱ्या संकटातही कामी येते.

नदीमुखात हा जिवाणू बहुतेक वेळा एकटा तरंगत नसतो. तो कोपेपॉड या अगदी लहान कवचधारी प्राण्यांच्या अंगावर वस्ती करतो. त्यांचे कवच कायटिनचे असते आणि हे कायटिन विघटित करून खाणे त्याला जमते. कवचाला चिकटलेला जिवाणू आम्लालाही अधिक दाद देत नाही. बांगलादेशातील खेड्यांत जुनी सुती साडी अनेक पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळल्यावर पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, असे अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले. सुटा जिवाणू साडीच्या विणीतून सहज पार होतो. अडकतात ते कोपेपॉड आणि त्यांच्या अंगावरची वस्ती. कायटिनची आणखी एक बाजू २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी उजेडात आणली. कायटिनवर वाढताना हा जिवाणू आसपास मोकळा पडलेला डीएनए पेशीत ओढून घेतो आणि आपल्या जनुकसंचात सामावूनही घेतो. मेलेल्या शेजाऱ्याचे जनुक अशा रीतीने त्याच्या मालकीचे होऊ शकते.

परिस्थिती फारच बिघडली, तर तो आणखी टोकाला जातो, आणि इथे पाणी तपासणाऱ्या प्रत्येकाने थांबून विचार करायला हवा. प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना टीसीबीएस या हिरव्या माध्यमावर पसरतात. विब्रिओ कॉलेरी असेल तर साखरेच्या आंबण्यामुळे दुसऱ्या दिवशी पिवळ्या, चपट्या वसाहती दिसतात. विब्रिओ पॅराहीमोलिटिकस असेल तर त्या हिरव्या असतात. एकही वसाहत न उगवल्यास अहवालात ‘जिवाणू आढळला नाही’ असे लिहिले जाते. १९८२ मध्ये कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की थंड पाण्यात उपाशी ठेवलेले हे जिवाणू माध्यमावर उगवणे बंद करतात, तरीही सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पेशी शाबूत आणि सक्रिय दिसतात. स्वल्पविरामासारखा वळलेला त्यांचा आकार जाऊन ते लहान, गोल होतात. चयापचय अगदी मंदावतो, पण थांबत नाही. पुढे स्वयंसेवकांना असे न उगवणारे जिवाणू पाजले असता, त्यांच्या मलातून पुन्हा उगवणारे जिवाणू मिळाले. आपल्या नद्यांचे पाणी कधीच तेवढे थंड होत नाही, हे खरे. बर्फाची पेटी आणि शीतगृह मात्र तेवढे थंड असते. मासळी बर्फात ठेवल्याने जिवाणूंची वाढ रोखली जाते, म्हणून ती ठेवलीच पाहिजे, पण बर्फात ते सगळे मेले असे कोणी धरून चालू नये. कालवे आणि तिसऱ्या हे शिंपले दर तासाला कित्येक लिटर पाणी गाळून त्यातील सूक्ष्मजीव अंगात साठवतात, त्यामुळे ते पूर्ण शिजवूनच खायचे असतात. कच्च्या कालवांवर लिंबू पिळून ती निर्धोक होत नाहीत.

पोटात गेल्यावर या जिवाणूची पहिली गाठ जठरातील आम्लाशी पडते. निरोगी माणसाला पटकी व्हायला १० कोटी किंवा त्याहून अधिक जिवाणू गिळावे लागतात. आम्ल शमवले, तर सुमारे १० लाखही पुरतात. सौम्य आम्लाचा अनुभव आधी मिळालेले जिवाणू तीव्र आम्लात जास्त टिकतात, कारण तोवर त्यांनी एक विकर तयार करून ठेवलेले असते. हे विकर लायसिन या अमिनो आम्लाचे कॅडाव्हरिनमध्ये रूपांतर करते. या क्रियेत पेशीत घुसलेला हायड्रोजनचा आयन खर्ची पडतो, कॅडाव्हरिन बाहेर टाकले जाते आणि पेशीच्या आतली आम्लता आटोक्यात राहते.

त्यातून वाचलेल्यांना पुढे लहान आतडे भेटते. पित्त, कमी प्राणवायू, बायकार्बोनेट या गोष्टी त्याच्यासाठी अडचणीच्या आहेत, आणि त्याच त्याला आपण कुठे पोहोचलो हे कळवतात. आवरणात बसलेले टॉक्सआर हे प्रथिन इतरांच्या मदतीने टॉक्सटी या दुसऱ्या प्रथिनाचे उत्पादन सुरू करते. टॉक्सटीच्या आज्ञेने दोन गोष्टी होतात : जिवाणूंना एकमेकांत गुंतवून आतड्यावर वसाहत करू देणारे धागे तयार होतात आणि विष स्रवू लागते. हे विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावते. तीव्र पटकीत रुग्ण तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो. हे विष जिवाणूच्या पेशीबाहेर असते, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. आपल्या देशात झालेल्या इतक्या मोलाच्या कामाची ओळख शालेय पुस्तकांतून व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

विषाचे जनुक मुळात जिवाणूचे नाहीच. ते एका जिवाणुभक्षक विषाणूचे आहे, हे वॉल्डोर आणि मेकालॅनोस या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवले. हा विषाणू जिवाणूत शिरण्यासाठी आतड्यात तयार होणाऱ्या त्याच धाग्यांना धरतो. म्हणजे ज्या परिस्थितीत निरुपद्रवी जिवाणू धागे काढतो, त्याच परिस्थितीत तो विष मिळवण्यासही पात्र होतो. डीएनएला इजा झाली, की जिवाणू दुरुस्तीची एक आणीबाणी यंत्रणा सुरू करतो आणि त्याच क्षणी हा विषाणू अधिक संख्येने बाहेर पडू लागतो. प्रतिजैविकांना न जुमानण्याची जनुके एका जिवाणूतून दुसऱ्यात नेणारा एसएक्सटी हा डीएनएचा तुकडाही याच यंत्रणेने सुटतो, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी डीएनएवर घाव घालणारी औषधे ती यंत्रणा जागी करतात, हे २००४ मध्ये दिसून आले. जुलाब लागले, की कपाटातली उरलेली गोळी गिळण्याची सवय आपल्याकडे आहे. ती सोडावी, जलसंजीवनी लगेच सुरू करावी आणि प्रतिजैविकाचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

रोगाच्या अखेरीस आरपीओएस पुन्हा पुढे येतो आणि त्याच्या आज्ञेने जिवाणू आतड्याचे अस्तर सोडून निघतात. रुग्णाच्या मलातून नुकतेच बाहेर पडलेले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवलेल्यांपेक्षा कित्येक पटींनी अधिक संसर्गक्षम असतात आणि हा गुण काही तास टिकतो. घरात रुग्ण असताना शौचालय, हात आणि पिण्याचे पाणी यांची काळजी त्या दिवसांत सर्वाधिक का घ्यायची, ते यावरून कळते. पावसाळ्यात विहीर आणि शोषखड्डा यांतले अंतर कमी असेल, तर हे काही तास फार महत्त्वाचे ठरतात.

टॉक्सटी अडवला, तर जिवाणू न मारताही रोग टळेल का, हा प्रश्न यातूनच निघाला. व्हर्स्टॅटिन नावाच्या रेणूने २००५ मध्ये उंदरांच्या पिलांत हे साधून दाखवले : जिवाणू जिवंत राहिले, पण आतड्यात ठाण मांडू शकले नाहीत. मात्र हे धागे न वापरता आतड्यात राहणारे काही वाण आहेत, त्यांच्यावर या रेणूचा परिणाम होत नाही, आणि साथ पसरवणाऱ्या ओ१ व ओ१३९ या (पेशीच्या बाह्य आवरणावरून ठरणाऱ्या) गटांबाहेरचे असे विब्रिओच नदीमुखांच्या पाण्यात बहुसंख्य असतात.