सायकल पलटण वेगळी, सायकलिस्ट कोअर वेगळी

'दात किडलेले असले तरी चालेल.' पहिल्या महायुद्धातल्या एका ब्रिटिश भरतीच्या पोस्टरवरची ही शेवटची ओळ. वर मोठ्या अक्षरांत विचारलंय: सायकल चालवायला आवडते ना? मग राजासाठी का नाही चालवत? वय १९ हवं, परदेशात लढायला जायची तयारी हवी, सायकल आणि कपडे आमच्याकडून, अर्ज ग्लॉस्टरच्या बराकीत करावा. पोस्टर इतकं मजेशीर आहे की ते सारखं कुठे ना कुठे दिसतं, आणि खाली बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, 'ब्रिटिशांची सायकल पलटण'.

तिथेच घोटाळा होतो. हे पोस्टर पलटणीचं नाही, साऊथ मिडलंड डिव्हिजनच्या, म्हणजे हजारो शिपायांच्या एका मोठ्या सैन्यतुकडीच्या, सायकलिस्ट कंपनीचं आहे; आणि ही कंपनी आर्मी सायकलिस्ट कोअरमधली. दोन्हीकडचे शिपाई सायकलवर बसायचे, दोघांच्या नावात 'सायकलिस्ट' होतं, पण त्यांची जन्मकथा, त्यांचे साहेब आणि त्यांचं नशीब, सगळंच निराळं.

आधी पलटण घेऊ, म्हणजे टेरिटोरियल फोर्सची सायकल बटालियन. धोनीमुळे आपल्याकडे टेरिटोरियल आर्मी हे नाव घरोघरी पोचलंय. कल्पना साधारण तीच, नोकरीधंदा सांभाळून शिपाईगिरी. ब्रिटनमध्ये १९०८ साली युद्धमंत्री हॉल्डेन यांनी जुन्या स्वयंसेवक पथकांची मोट बांधून हा फोर्स उभा केला. सायकलवाले मात्र त्याच्याही आधीचे. १८८८ मध्ये उभी राहिलेली २६वी मिडलसेक्स ही ब्रिटिश लष्करातली पहिली पूर्ण सायकल तुकडी. १९०८ च्या फेरबदलात तिचं नाव '२५वी लंडन' झालं. हे नाव पुढे लागणार आहे.

महायुद्ध सुरू झालं तेव्हा अशा चौदा पलटणी होत्या: केंट, नॉरफोक, एसेक्स, हंटिंग्डनशर, हायलंड वगैरे. नावांवरूनच कळतं की प्रत्येकीला गाव होतं, जिल्हा होता. काम ठरलेलं, किनाऱ्यावर नजर ठेवायची आणि काही दिसलं की वर्दी द्यायची. घोड्याला दाणावैरण लागते, शिवाय स्वार तयार करायला वेळ लागतो. सायकलला दोन्ही नको, आणि ती टापांचा आवाज करत नाही. इंग्लंडच्या चांगल्या रस्त्यांवर हे गणित अगदी बरोबर होतं. मुख्य म्हणजे ही माणसं मायदेशाच्या रक्षणासाठी भरती झालेली. त्यांनी स्वतः होकार दिल्याशिवाय त्यांना समुद्रापार पाठवता येत नसे. आता पोस्टरवरची 'परदेशात जायची तयारी' ही अट पुन्हा वाचा.

आर्मी सायकलिस्ट कोअर हा वेगळाच कारभार. नोव्हेंबर १९१४ मध्ये, युद्ध पेटल्यावर, तो निघाला. फ्रान्सला गेलेल्या डिव्हिजनांबरोबर पुढे जाऊन टेहळणी करायला, निरोप न्यायला दोनशेच्या आसपास सायकलस्वारांची एकेक कंपनी असे. या कंपन्यांना एक छत्र हवं होतं, ते म्हणजे हा कोअर. इथे गाव नाही, जिल्ह्याचा अभिमान नाही. टोपीवरच्या बिल्ल्यातही सायकलचं चाक. उलट केंटच्या पलटणीच्या बिल्ल्यावर केंट परगण्याचा उधळलेला घोडा होता. सायकलवाल्यांच्या टोपीवर घोडा, हे मला कायम गमतीचं वाटत आलंय.

यातही एक गोम आहेच. साऊथ मिडलंड ही डिव्हिजन स्वतः टेरिटोरियल होती, तरी तिची सायकल कंपनी कोअरमध्ये मोडायची. म्हणजे 'टेरिटोरियल' एवढ्या शब्दावरून निकाल लावता येत नाही. 'बटालियन' या शब्दावरून तर मुळीच नाही, कारण १९१६ मध्ये डिव्हिजनच्या कंपन्या एकत्र करून 'कोअर सायकलिस्ट बटालियन' बनवल्या गेल्या (इथला 'कोअर' म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून झालेलं मोठं सैन्यदळ, सायकलिस्ट कोअर नव्हे). खूण एकच धरावी. नावात परगणा किंवा शहर असेल, आणि पुढे १/२५ किंवा २/२५ असा आकडा असेल, तर ती टेरिटोरियल पलटण. तिरक्या रेघेआधीचा आकडा पहिली फळी की दुसरी ते सांगतो. नावात डिव्हिजन किंवा अशा मोठ्या कोअरचा क्रमांक असेल तर आर्मी सायकलिस्ट कोअर.

आणि या दोन्हींत न बसणारा तिसरा एक प्रकार होता, साध्या पायदळ पलटणीचे स्वतःचे चारदोन सायकलस्वार. जॉन पार त्यातला. चौथ्या मिडलसेक्सचा हा टेहळ्या २१ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जियममध्ये मॉन्सजवळ पडला. महायुद्धात मारला गेलेला पहिला ब्रिटिश शिपाई म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. वय सतरा, पण कबरीवर कोरलंय वीस. भरतीच्या वेळी वय चोरलेलं, ते दगडावरही तसंच राहिलं. त्याला सायकलिस्ट कोअरचा म्हणणारे भेटतात, पण तेव्हा कोअर जन्मालाच आला नव्हता.

कवायत मात्र सगळ्यांची एकाच पठडीतली. सायकलशेजारी उभं असताना सावधान म्हटलं की डावा हात हँडलच्या डाव्या मुठीवर, उजवा सीटच्या टोकावर, कोपर मागे. सॅल्यूटचं काय करायचं हा खरा पेच होता, कारण चालत्या सायकलवरचा हात काढला तर साहेबासमोरच लोळण. म्हणून सायकलस्वाराने हात न उचलता सावधान व्हायचं आणि नुसती मान साहेबाकडे वळवायची, असा नियम केला. बंदूक पाठीवर न घेता सायकलच्या दांड्याला अडकवता येत असे.

फ्रान्समध्ये कोअरच्या वाट्याला जे आलं ते या कवायतीत नव्हतं. कोअर निघण्याआधी, पहिले काही आठवडे सैन्य हलतं होतं तोवर डिव्हिजनांच्या कंपन्यांना सायकल उपयोगी पडली. मग खंदक खणले गेले, तोफांनी रस्ते उखडले, आणि सायकलस्वारांच्या हातात फावडी आली. खंदक खणा, सामान वाहा, चौकात उभं राहून गाड्यांची वाहतूक सांभाळा. पुन्हा चाकं फिरली ती १९१८ च्या उत्तरार्धात, जर्मन मागे हटू लागल्यावर. युद्ध संपलं आणि थोड्याच काळात कोअर मोडीत निघाला.

पलटणींचं नशीब त्याहून विचित्र. त्यांचे बरेच जण पायदळाच्या रिकाम्या जागा भरायला फ्रान्सला गेले. चार पलटणी, केंट, २५वी लंडन, ९वी हॅम्पशर आणि ६वी ससेक्स, १९१६ च्या सुरुवातीला हिंदुस्थानात आल्या. त्याआधी त्यांच्या सायकली काढून घेतल्या गेल्या होत्या. नाव सायकलिस्ट, काम साध्या पायदळाचं. ९वी हॅम्पशर १९१८ च्या अखेरीस इथून थेट व्लादिव्होस्तोकला आणि तिथून सैबेरियात गेली. इंग्लिश समुद्रकिनाऱ्यावर फेऱ्या मारायला भरती झालेल्या माणसांना ओम्स्कची थंडी कशी वाटली असेल, देव जाणे.

२५वी लंडन वझिरीस्तानात लढली आणि १९१९ मध्ये जालंधरच्या छावणीत होती. एप्रिलमध्ये तिचे शिपाई अमृतसरला पाठवले गेले. जालियनवाला बागेत गोळ्या झाडणारे हे नव्हते, ते डायरने नेलेले गुरखे आणि सिंध रायफल्स वगैरेंचे जवान. पण त्यानंतर डायरने कुचा कौडियांवाला या गल्लीत जो हुकूम काढला, की इथून जाणाऱ्या हिंदी माणसाने सरपटतच जायचं, त्याचे प्रसिद्ध फोटो २५व्या लंडन सायकलिस्ट पलटणीच्या एका सार्जंटने काढलेले आहेत. जमिनीवर पालथा पडलेला एक माणूस, बाजूला बंदुका घेतलेले गोरे शिपाई. म्हणजे ब्रिटिश लष्करातल्या पहिल्या सायकल तुकडीचा हा वारस, आणि चित्रात सायकलचा मागमूस नाही.

सायकल त्या गल्लीत आली होती ती आधी, १० एप्रिलला. मार्सेला शेरवूड या मिशनरी बाई तिच्यावरून चालल्या होत्या, जमावाने त्यांना गाठून मारलं, आणि त्याच गल्लीतल्या लोकांनी त्यांना उचलून आसरा दिला. सरपटायची पाळी पुढे आली तीही याच लोकांवर.