धरणाचा पहिला आकडा एवढा छोटा कसा काय असतो?

विदर्भात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा विषय निघाला की सगळे दोनच आकडे सांगतात, 1983 ला मान्यता मिळाली तेव्हा 372 कोटी आणि 2016 ची सुप्रमा 18,494 कोटींची (सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, पाटबंधारे खात्यात पूर्ण नाव कोणी घेत नाही). पुढचं वाक्य ठरलेलं, खाल्ले सगळ्यांनी. असेलही, चौकश्या झाल्या, गुन्हे दाखल झाले, तो विषय वेगळा. मला मात्र दुसऱ्या आकड्यापेक्षा पहिला जास्त विचित्र वाटतो, एवढं मोठं धरण, भंडारा-नागपूर-चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टरचं सिंचन, आणि 372 कोटी?

हे समजायला बरंच मागं जावं लागतं. 1854 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम खातं) सुरू झालं आणि पुढे इंग्रजांनी कालव्यांसाठी जो नियम लावला तो सरळ सावकारी होता. काम पूर्ण झाल्यावर दहा वर्षांत भांडवलावरचं व्याज सुटलं पाहिजे, सुटत असेल तर काम 'उत्पादक', नाहीतर मग दुष्काळ निवारणाचं 'संरक्षक' काम आणि त्याला पैसे हात आखडूनच. पंजाबात सपाट जमीन, बर्फाचं पाणी असणाऱ्या नद्या, तिथे हे गणित बसायचं. आपल्याकडे दख्खनच्या कातळात ते बसणं अवघडच. म्हणजे काम होणार की नाही हे कागदावरच्या खर्चावर ठरायला लागलं ते तेव्हापासून.

यावर चांगला मुद्दा काढला तो पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या भागाची पाहणी करून 1948 ला त्यांचा रिपोर्ट आला, त्यात थेट फायद्याबरोबर अप्रत्यक्ष फायदाही मोजला होता, म्हणजे नुसती पाणीपट्टी किती जमली एवढंच बघून भागत नाही. नंतर 1964 च्या त्यांच्या कमिटीने सुचवलं की लाभ-खर्च गुणोत्तर (फायदा भागिले खर्च) बघा, साधारण दीड पाहिजे, आणि पुढे अवर्षणप्रवण भागात एक असलं तरी चालेल असं ठरलं. विचार म्हणून एकदम बरोबर, पण झालं काय की खर्च आला छेदात आणि तो काढणारा कोण, तर ज्या खात्याला धरण बांधायचंय तेच खातं. गुणोत्तर दीडच्या खाली जातंय असं दिसलं की काय कमी करायचं हे कोणाला शिकवावं लागत नाही.

आता तो खर्च काढतात कसा. सुरुवातीला हातात असते टोपोशीट (चढउतार दाखवणारा नकाशा), थोडाफार सर्व्हे, दोन-चार ट्रायल पिट (खाली काय आहे ते बघायला खणलेले खड्डे). धरणाचा सेक्शन (आडवा छेद) धरून मातीकाम किती क्युबिक मीटर ते काढायचं, त्याला त्या वर्षीच्या डीएसआरचा म्हणजे दरसूचीचा दर लावायचा, भिंतीपुरतं हे बऱ्यापैकी जमतं. खरी गडबड कालव्यात. मुख्य कालव्याची लांबी नकाशावरून, आणि वितरिका-चाऱ्यांना (शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या कालव्यांना) हेक्टरी एक ढोबळ दर ठोकून मोकळं व्हायचं, जिथं पुढे कठीण खडक निघणार असतो, नाल्यावर ॲक्विडक्ट (कालवा पलीकडे नेणारा पूल) लागणार असतो. भूसंपादनाला जुने सरकारी दर, पुनर्वसनाला एक लमसम रक्कम, की लावा सही. गोसीखुर्दचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते झालं 1988 ला, म्हणजे मान्यतेची दरसूची कुदळ पडायच्या आधीच पाच वर्षं शिळी.

आणि मग नव्वदचं दशक. राज्यांमध्ये कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने (बच्छावत) 1976 च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं आणि 31 मे 2000 नंतर फेरविचाराची मुभा ठेवली होती, त्यामुळे तोवर पाणी अडवलं नाही तर जाईल अशी भीती. 1996 ला कृष्णा खोरे महामंडळ काढलं, रोखे विकून पैसा उभा केला, पाठोपाठ 1997 ला विदर्भाचं महामंडळ आणि मग बाकीच्यांची. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या घाईने केलं, कारण त्या काळात अंदाजपत्रकाचा खरा उपयोग प्रकल्प यादीत घुसवण्यापुरता उरला होता, छोटा आकडा, पटकन मान्यता, एकदा काम चालू झालं की बंद कोण करणार! पुढची वाढ सुप्रमात बघू.

ती वाढ कशी बघितली गेली त्याचं उदाहरण म्हणजे 2009, विदर्भाच्या महामंडळात अवघ्या काही महिन्यांत 38 प्रकल्पांची किंमत 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर गेली. त्याच्यावरून रान पेटलं, त्यात 2011-12 च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचन क्षेत्र 0.1 टक्का वाढल्याचं छापून आलं, मग उपमुख्यमंत्री अजित पवारांचा राजीनामा, सरकारची नोव्हेंबर 2012 ची सिंचनावरची श्वेतपत्रिका, जलतज्ज्ञ माधवराव चितळेंची चौकशी समिती, हे सगळ्यांना पाठ आहे.

श्वेतपत्रिकेवर भांडण झालं ते सिंचन किती टक्के वाढलं यावरून. किंमतवाढीची कारणं तिच्यात दिली होती, दरसूचीतली वाढ, भूसंपादन, संकल्पचित्रातले बदल, वाढलेली व्याप्ती, आणि त्यांच्याच रांगेत मूळ अंदाजपत्रकातली अपुरी तरतूद. म्हणजे पहिला आकडा कमी धरला होता हे सरकारनेच लिहून दिलं, पण त्या ओळीवर टीव्हीवर कोणी तासभर बसलेलं मला तरी आठवत नाही.