धूर नाही म्हणजे विषही नाही?

‘नैसर्गिक वायू स्वच्छ इंधन आहे, मग त्याच्या प्रक्रिया केंद्रातून विषारी काय निघणार?’ हा समज फार जुना आहे. वायू जळताना कोळशापेक्षा कमी घाण होते, हे खरंच. पण विहिरीतून वर येणारा कच्चा वायू वेगळा: त्यात पाण्याची वाफ असते, आणि बेंझीन, टोल्युइन, झायलीन ही विषारी रसायनंही.

खरी गोम वायू सुकवण्यात आहे. ग्लायकॉल हा द्रव वायूतलं पाणी शोषतं, सोबत थोडं बेंझीनही उचलतं. पुन्हा वापरण्यासाठी ग्लायकॉल तापवलं की पाण्याबरोबर बेंझीनही उडून जातं. डोळ्यांना मात्र काही दिसत नाही. आणि बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ मध्ये वायू सुकवणाऱ्या याच उपकरणांसाठी नियम केले. मोठ्या उपकरणांना घातक वायूंमध्ये ९५ टक्के कपात करावी लागते, किंवा बेंझीन वर्षाला सुमारे ०.९ टनाखाली ठेवावं लागतं.

मात्र ‘मोठा स्रोत’ ठरवताना (वर्षाला एका घातक प्रदूषकाचे १० टन किंवा सगळ्यांचे मिळून २५ टन) तिथल्या कायद्यानुसार वेगवेगळ्या विहिरींच्या प्रदूषणाची बेरीज करता येत नाही. ही पळवाट मला तरी खटकते.